थर्झा गॉलपचा बुधला

मी बुधला बोलतोय. भट्टीत भाजून दगडासारखा टणक झालेला, दोन गॅलन पोटाचा, वर तपकिरी आणि खाली मळकट पिवळा. तुमच्या लोणच्याच्या बरणीचा चुलतभाऊ म्हणा, फक्त माझी मान अरुंद आहे आणि मानेपाशी धरायला एक कान आहे. माझं पोट मोठं आणि तोंड लहान. मर्लीकूम गावच्या नगरपरिषदेत नेमकी याच्या उलट माणसं निवडून जातात, म्हणून मला बोलावं लागतंय.

माझा जन्म ब्रिस्टलच्या एका कुंभारवाड्यात झाला, १८४६ साली. माझी माती अजून ओली होती तेव्हा समोर एक बाई उभी होती. काळे कपडे, हातात छत्री, वय तिशीच्या आसपास. तिचं नाव थर्झा गॉलप. तिचा नवरा अँब्रोज नुकताच जिन्यावरून पडून गेला होता. मद्याचं दुकान काढायची त्याची फार इच्छा होती. त्यातल्या मद्याच्या भागाकडे त्याने हयातभर जातीने लक्ष दिलं. दुकान काढायचं राहिलं होतं, ते तिने काढलं.

"शिक्क्यात नाव कुणाचं घालू?" कुंभाराने विचारलं.

"माझं."

"तसं नव्हे बाई, मालकाचं."

"मालक तुमच्यासमोर छत्री घेऊन उभा आहे. घाला: थर्झा गॉलप, विधवा, मद्यव्यापारी, मर्लीकूम."

"विधवा कशाला? गिऱ्हाईक बिचकेल."

"बिचकू दे. निदान 'नवऱ्याला बाहेर बोलवा' असं तरी म्हणणार नाही."

कुंभार हसला आणि त्याने अक्षरं माझ्या पोटावर दाबली. माझी तीनशे भावंडं होती. सगळ्यांच्या पोटावर तेच नाव.

आमच्या धंद्याची एक रीत होती. मद्य गिऱ्हाइकाचं, बुधला दुकानाचा. रिकामा झाला की धुऊन परत करायचा. मर्लीकूममध्ये ही रीत देवाच्या दहा आज्ञांपेक्षा कसोशीने पाळली जायची. शेजाऱ्याच्या बायकोवर डोळा ठेवणारा माणूससुद्धा शेजाऱ्याचा बुधला वेळेवर पोचवायचा.

थर्झा मद्यात पाणी घालत नसे. एवढ्या एका गोष्टीवर नऊ वर्षांत तिने आजूबाजूच्या चौदा गावांची गिऱ्हाइकी धरली. दोन मुली वाढवल्या. आणि एका माणसाची झोप उडवली. तो तिचा दीर, जोसाया गॉलप. तो चॅपलमध्ये दारूबंदीवर प्रवचनं द्यायचा.

"वहिनी, गॉलपांचं नाव दारूच्या बुधल्यावर!" तो दुकानात येऊन म्हणाला. "मला चारचौघांत मान वर करता येत नाही."

"भावोजी, परवा मागच्या दाराने शेरी नेलीत, तेव्हा तर चांगली ताठ होती."

"ती औषधाला होती."

"हो ना. दर आठवड्याला आजारी पडता बिचारे."

थर्झाची जीभ चांगली होती, पण परवान्याच्या कागदावर जिभेचा उपयोग होत नाही. त्या वर्षी परवान्याचं नूतनीकरण तीन न्यायाधीशांपुढे आलं. एक जोसायाचा सासरा, दुसरा त्याच्याबरोबर शिकारीला जाणारा, तिसरा झोपलेला. बाईमाणसाने मद्य विकणं गावाच्या नीतीला घातक आहे, असा निकाल त्यांनी एकमताने दिला. झोपलेल्याचं मत कसं घेतलं ते मला माहीत नाही.

पुढच्या महिन्यात तेच दुकान, तीच पिंपं, तेच तळघर आणि परवाना जोसायाच्या नावावर. बाईच्या हातात जे पाप होतं ते पुरुषाच्या हातात आलं आणि व्यापार झालं. चॅपलमधली प्रवचनं थांबली नाहीत. फक्त 'दारू वाईट' याच्या जागी 'दारूचा अतिरेक वाईट' असं येऊ लागलं. तेवढी दुरुस्ती माणूस करणारच.

मग जोसायाने गावभर पत्रकं चिकटवली: सर्व बुधले त्वरित परत करावेत. आणि मर्लीकूमने काय केलं? परत केले! प्रामाणिक माणसं. एकेकाने बुधला घासला, पुसला, छातीशी धरून आणला. ज्या बाईने त्यांना कधी पाण्याचा थेंब मिसळून दिला नाही, तिचं नाव त्यांनी आपल्या हातांनी नेऊन दिलं. जोसायाने अंगणात हातोडे घेतलेली दोन माणसं उभी केली होती. तुकडे नव्या तळघराच्या पायाभरणीत गेले. नव्या बुधल्यांवर नवं नाव आलं, आणि आतल्या मालात पाणी.

तीनशेतला मी एकटा वाचलो. त्याचं श्रेय सत्याला जात नाही, पाद्रीबुवांना जातं.

पाद्रीबुवांकडे शेरी जायची ती माझ्या गळ्यात 'व्हिनेगर' अशी चिठ्ठी बांधून. त्यांच्या घरी वर्षाला जेवढं व्हिनेगर जाई, तेवढ्यात अख्ख्या परगण्याच्या काकड्या मुरल्या असत्या. जोसायाचा गाडीवान बुधला मागायला आला तेव्हा स्वयंपाकीणबाई मिसेस बॉड दारात गेल्या.

"दुकानाचा एक बुधला तुमच्याकडे आहे म्हणतात, बाई."

"दारूचा बुधला? पाद्रीबुवांच्या घरी?" मिसेस बॉड कडाडल्या. "तोंड धुऊन ये आधी!"

"बाई, मीच तर आणून देतो दर महिन्याला."

"तू व्हिनेगर आणतोस. तुझ्या गाडीत काय असतं ते तुला माहीत नसेल तर तो तुझा दोष."

गाडीवान गेला. गावात एकच घर खोटं बोललं, आणि थर्झाचं नाव त्याच्या फडताळात उरलं.

ती स्वतः उरली नाही. काही वर्षं तिने लोकांचे कपडे धुतले, मुलींची लग्नं लावली आणि शेवटी ती निराधारांच्या गरीबखान्यात गेली. तिच्या कबरीवर दगड नाही. म्हणजे या जगात तिचं नाव कोरलेली एकच जागा राहिली, माझं पोट.

त्या पोटात पुढे सत्तर वर्षं गरम पाणी भरलं गेलं. एकामागून एक आलेल्या पाद्रीबुवांचे थंड पाय मी शेकले. धर्माच्या तळव्यांविषयी मला बरंच सांगता येईल, पण ते राहू दे. नंतर रबरी पिशव्या आल्या आणि मी बागेतल्या खोपटात गेलो. शेवाळ चढलं, अक्षरं बुजली. चर्चच्या जत्रेत दरवर्षी मला बाहेर काढून तंबूच्या दोरीला वजन म्हणून बांधायचे.

तिथे मला मॅव्हिस पार्मिटर भेटली.

मॅव्हिसने चौतीस वर्षं मर्लीकूममध्ये टपाल वाटलं होतं. टपाल वाटणाऱ्याला गावाचे उंबरठे पाठ असतात, आणि उंबरठ्यावर बुधले असतात. कुठे दाराला अडसर, कुठे छत्र्या ठेवायला, कुठे भोक पाडून केलेला दिवा. ती शिक्के वाचत गेली आणि वहीत उतरवत गेली. 'जोसाया गॉलप', मग 'जोसाया गॉलप आणि पुत्र', मग भावाभावांत भांडण होऊन दोन वेगळे शिक्के, मग एकाचं दिवाळं आणि पुन्हा एकच. गॉलपांची अख्खी वंशावळ तिने दारादारांतून जमवली होती. फक्त पहिला बुधला सापडत नव्हता. दुकान थर्झाने काढलं, हे तिला तिच्या आजीने सांगितलं होतं. आजी थर्झाची पणती होती. गावात कुणी विश्वास ठेवत नव्हतं.

जत्रेत तिने रुमालाला थुंकी लावून माझं पोट पुसलं. 'थ' दिसला. मग 'विधवा' दिसलं. ती गवतातच बसली.

"हे वजन विकत देता का?" तिने स्वयंसेवकाला विचारलं.

"न्या की, मॅव्हिस. पण तंबू पडेल."

"मग मी धरते दोरी."

आणि जत्रा संपेपर्यंत सत्तरीची ती बाई दोरी धरून उभी राहिली.

त्याच महिन्यात नगरपरिषद गॉलपांच्या दुकानावर जोसायाच्या नावाचा स्मृतिफलक लावणार होती. दुकान आता ह्युबर्ट गॉलपचं आहे. तो नगरसेवकही आहे. मॅव्हिसने मला सभेच्या टेबलावर आणून ठेवलं.

"मॅव्हिस, एका मडक्यावरून इतिहास ठरत नाही," ह्युबर्ट म्हणाला.

"मग तुझा कशावरून ठरला?"

"घराण्याच्या परंपरेवरून."

"म्हणजे तुला आजोबांनी सांगितलं. मला आजीने सांगितलं. तुझ्या आजोबांना मिशा होत्या, एवढाच फरक. आणि माझ्या आजीच्या बाजूने हा बुधला आहे. वाच."

ह्युबर्टने वाचलं नाही. त्याने चष्मा पुसला. अध्यक्ष म्हणाले की विषय गंभीर आहे, आधी चहा घेऊ. चहाबरोबर केक आला, केकबरोबर उपसमिती आली. उपसमितीत संग्रहालयाचे क्लेमंट होते. फार गोड माणूस.

"मॅव्हिसबाई, बुधला संग्रहालयाला द्या. कायमचा. एकदा संग्रहात गेला की त्याची नोंद झाली. मग कोण नाकारणार?"

मॅव्हिसने सही केली. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं न फोडता पोचवलेली बाई ती. सहीखालचा मजकूर खरा असतो, असं तिला वाटत होतं.

फलक लागला: 'या दुकानाचे संस्थापक जोसाया गॉलप.' क्लेमंट म्हणाले, तो आधीच तयार होऊन आला होता. मी काचेच्या कपाटात गेलो. कपाट ज्या दालनात आहे त्याला ह्युबर्टच्या देणगीमुळे गॉलप दालन म्हणतात. माझ्याखाली चिठ्ठी आहे: 'मद्याचा बुधला, एकोणिसावं शतक. गॉलप घराण्याच्या सौजन्याने.' आणि माझं पोट भिंतीकडे आहे.

मॅव्हिस पहिल्याच गुरुवारी आली.

"क्लेमंट, हा उलटा ठेवलाय."

"प्रकाशाने अक्षरं फिकी पडतात, मॅव्हिसबाई."

"अहो, भट्टीत भाजलीत ती! सूर्य विझेल, ती विझणार नाहीत."

"धोरण आहे."

"कुणाचं?"

"संग्रहालयाचं."

"खालच्या मजल्यावर सोळाव्या शतकातलं पत्र ठेवलंय, तेसुद्धा उजेडात, सरळ तोंडाने. तिथे धोरण जेवायला गेलं होतं का?"

क्लेमंटने गोड हसून दुसऱ्या दालनात काम असल्याचं सांगितलं.

पुढच्या गुरुवारी मॅव्हिस पर्समधून हातातला आरसा घेऊन आली. कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत तिने तो वळवून धरला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावू लागली. "या इकडे. उलटं दिसेल, पण वाचता येईल. सावकाश वाचा." दोन पर्यटकांनी वाचलं. एका आजोबांनी टोपी काढली. तिसऱ्या गुरुवारी दारावर नवी पाटी होती: खाद्यपदार्थ, कुत्रे आणि आरसे आत आणण्यास मनाई आहे.

मॅव्हिस अजून येते. समोरच्या बाकावर बसते, माझ्या कोऱ्या पाठीकडे बघते. मागच्या हिवाळ्यापासून काठी टेकत येते. तिच्यानंतर इथे कोण येऊन बसेल, ते मला माहीत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतोय. कधी मर्लीकूमला आलात तर दुसऱ्या मजल्यावर या. क्लेमंटना म्हणा, "याला जरा फिरवता का?" ते धोरण सांगतील. तुम्ही पुन्हा विचारा. त्यांना दुसऱ्या दालनात काम निघेल. जाऊ द्या त्यांना. मग कपाटाजवळ या आणि तिचं नाव घ्या, पूर्ण, मोठ्याने. खाली ह्युबर्टच्या दुकानापर्यंत पोचलं तरी हरकत नाही. काच पातळ आहे. मला ऐकू येतं.