पट्टा सैल आहे

आईचं शिलाई मशीन पायाचं होतं. आता ते माझ्या खोलीत आहे, मुकं. तेव्हा आम्ही भावंडं त्याच्या खडखडाटातच झोपायचो आणि ते थांबलं की जाग यायची. आई अनवाणी पायडल मारायची. पट्टा किती ताणलाय, हे तिच्या तळव्यांना कळायचं.

एका वर्षी तिचं पोट बिघडलं, बरंही झालं. पंधरवड्यानं ती म्हणाली, "पट्टा सैल झालाय. पायाला काही लागतच नाही."

मामा मशीनं दुरुस्त करायचा. त्यानं चामडी पट्टा थोडा कापून पुन्हा जोडला. दुसऱ्या दिवशी तीच तक्रार. त्यानं आणखी कापला.

"ताई, आता यावर सतार वाजेल!"

"तू सतार वाजव. कपडे कोण शिवणार?"

तिसऱ्यांदा ताणताना पट्टा तुटला. त्याला झापायला आई उठली आणि गुडघ्यांतून खालीच बसली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिच्या गुडघ्यावर हातोडी मारली. पाय उडाला नाही.

"नसांवर मायलिनचं आवरण असतं, म्हणून निरोप झपाट्यानं जातो," त्या म्हणाल्या. "पोटातल्या जंतूंशी लढायला शरीरानं प्रतिपिंडं तयार केली. पण जंतू आणि नसा त्यांना सारख्याच वाटल्या. आवरणावरच हल्ला झाला."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी," मामा पुटपुटला.

आईनं एकच विचारलं, "पायडल मारता येईल ना?"

"आवरण पुन्हा भरून येतं. किती, ते आज नाही सांगता येणार."

ती प्रतिपिंडं असलेला रक्तातला पिवळसर द्रव यंत्रानं काढून दुसरा भरला, तेव्हा कुठे आजार थांबला. आई भिंत धरत घरी आली. मामानं नवा पट्टा बसवला. पाय हलायचा, पण कुठे आहे ते तिला बघावं लागे. चाक उलटं फिरे, दोरा तुटे.

"मोटर बसवून देतो, ताई."

"आणि माझे पाय काय शोभेला ठेवू?"

ती रोज बसत राहिली. एका दुपारी मामा चहा पीत होता. आईची नजर कापडावर होती.

"पट्टा सैल आहे," ती म्हणाली.

मामानं कप खाली ठेवला. तो गुडघ्यांवर बसला, पट्ट्याखाली बोट घातलं. नवं चामडं वापरानं ताणलं गेलं होतं.

"ताई," तो म्हणाला, "खरंच सैल आहे गं."

"मग काप की! का सतार आणू?"