सुमेधाची सही

हरिहर डॉक्टरांनी अंगातला पांढरा कोट काढून दाराआडच्या खुंटीला टांगला, मगच ते शेवंतीजवळ आले. मागच्या खेपेला कोट बघून पोरीनं असा आकांत मांडला होता की बाहेर बाकावर बसलेली माणसं उठून आत डोकावली होती. मुंबईच्या इस्पितळातून आल्यापासून पांढरं ल्यालेलं कुणी जवळ आलं की ती आधी दोन्ही हात छातीशी घ्यायची आणि मग रडायची. तिच्या बापानं, गोपीनाथानं, आपला एकुलता एक पांढरा सदरा पेटीच्या तळाशी घालून ठेवला होता.

डॉक्टरांनी नळीचं तोंड तळहातावर घासून ऊन केलं, पोरीच्या छातीवर टेकवलं. बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले. पोरीची आई सगुणा त्यांच्या भुवयांकडे बघत होती.

"काही नाही," शेवटी ते म्हणाले. "तो घरघराट साफ गेलाय."

"मंजे बरा झाला का, डाक्टर?" गोपीनाथानं विचारलं.

"बरं झालं. अजून दोन महिने काखेत धरून उचलू नका, खाली हात घालून उचला. आणि खायला घाला, सगुणाबाई. चौदा महिन्यांची पोर सहा महिन्यांची दिसते."

शेवंतीच्या हृदयाजवळची एक नळी, जन्मल्यावर आपोआप मिटायची, ती मिटली नव्हती. मुंबईच्या डॉक्टरांनी छाती उघडून ती दोऱ्यानं बांधली होती. डाव्या खांद्याच्या मागून बगलेखालून पुढं आलेला व्रण अजून लालसर होता. खाडीकाठच्या त्यांच्या गावात छाती उघडलेलं माणूस जिवंत परत आल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. बाया येत, झबलं वर करून व्रण बघत, तोंडाला पदर लावत आणि निघून जात. सासूसुद्धा पोरीला हात लावत नव्हती. "माज्या हातून काय झाला मंग?" म्हणायची. पाच आठवडे सगुणेनं एकटीनं तिला वागवलं होतं. डोळा लागला की दचकून उठायची आणि पोरीच्या नाकाशी बोट धरायची. देवापाशी बोललेले नवससुद्धा तिनं अजून फेडले नव्हते. फेडले तर पोर बरी झाली असं मानल्यासारखं होईल, अशी तिला भीती होती.

आज डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर पायऱ्या उतरताना तिनं गोपीनाथाला सांगितलं, "मना सुमेधावैनींकडं जायाचा हाय."

"आज? भरतीच्या आधी मिठागरावं पोचाया होवा."

"आलोच बग. हितंच तं घर हाय त्यांचा. इहिरीसमोर, वर हिरव्या खिडक्या. त्यांनीच सांगितलेला."

गोपीनाथानं डोकं खाजवलं. "जा. मी औषध घेऊन खाली उबा रातो."

इस्पितळात सुमेधाचा रघु शेवंतीच्या शेजारच्याच खाटेवर होता. दीड वर्षाचा, गोरा, मोठ्या डोळ्यांचा पोर. ओठ मात्र जांभूळ खाल्ल्यासारखे. दोघींना भेटीची वेळ एकच. उरलेला दिवस दोघी बाहेरच्या व्हरांड्यात एकाच बाकावर काढायच्या. सुमेधाचे यजमान शाळेत मास्तर. एरवी सुमेधानं मिठागरातल्या बाईशी दोन शब्द बोलायचंही कारण नव्हतं. पण तिसऱ्या दिवशी तिनं डब्यातली अर्धी पोळी सगुणेच्या हातावर ठेवली, आणि पुढं दोघींचं जेवण एकाच डब्यात व्हायला लागलं.

शेवंतीचं ऑपरेशन आधी झालं. रघुच्या संमतीच्या कागदावर मात्र सही होत नव्हती. डॉक्टर म्हणत होते, न करावं तर मूल फार वर्षं काढणार नाही, करावं तर हमी देता येत नाही. मास्तरांनी निर्णय बायकोवर सोडला होता. ती तीन आठवडे तो कागद उशाखाली घेऊन झोपत होती.

ऑपरेशननंतर आठव्या दिवशी शेवंतीनं वाटीवर चमचा आपटला आणि ती खुदकन हसली. सगुणा सुमेधाला हात धरून आत घेऊन गेली होती.

"बगा वैनी, हसतंय. आता तुमी पन सही करा. काय व्हत नाय. मी सांगतंय ना."

सुमेधानं त्याच संध्याकाळी सही केली. दोन दिवसांनी शेवंतीला घरी सोडलं, तेव्हा रघुचा वार ठरला होता, मंगळवार. त्या मंगळवारी सगुणेनं दिवसभर पाणीही घेतलं नव्हतं. पुढचं काही तिला कळलं नाही. कळणार कसं? त्या बाकावरच्या ओळखीखेरीज त्या दोन घरांत जायची-यायची वाटच नव्हती.

घर लगेच सापडलं. जिना चढताना सगुणेनं पदराखालच्या वालाच्या शेंगा सावरल्या. परसातल्या होत्या, सकाळीच खुडलेल्या. दार सुमेधानंच उघडलं. ती आधी सगुणेकडे नाही, शेवंतीकडे बघत राहिली. बराच वेळ. मग बाजूला झाली.

"या ना. आत या."

ती वाळली होती. सगुणेला वाटलं, जागरणं. आपलं तरी काय वेगळं आहे? शेंगांची पुरचुंडी सुमेधाच्या हातात देऊन सगुणा बसताबसताच बोलायला लागली. डॉक्टर काय म्हणाले, घरघराट कसा गेला, परवा पोर चार घास भात जेवली. सुमेधा मान डोलवत होती.

"आनि आमचा रघु? कुटं हाय?"

सुमेधानं हातातली शेंगांची पुरचुंडी जमिनीवर ठेवली.

"आत निजलाय," ती म्हणाली. "आत्ताच निजला."

"बरा हाय ना?"

"हो. बरा आहे."

सगुणेनं भिंतीला पाठ टेकवली. पाच आठवड्यांत पहिल्यांदा तिचे खांदे सैल झाले. शेवंती आपण होऊन सुमेधाकडे झेपावली. एरवी आईखेरीज कुणाकडे न जाणारी पोर इथं मांडीवर बसून तिच्या बांगड्यांशी खेळायला लागली. सुमेधानं तिला काखेत धरलं नाही, खाली हात घालून नीट घेतलं. मग पितळेच्या वाटीत थोडे चुरमुरे आणून दिले.

शेवंतीनं दोन दाणे तोंडात घातले, वाटी उचलली आणि फरशीवर भिरकावून दिली.

वाटी ठणठणत भिंतीपर्यंत गेली. सगुणेची मान झटकन आतल्या दाराकडे वळली. दार लोटलेलं होतं. इस्पितळात रघु आवाजानं दचकून रडला की निळा पडायचा. कुणाच्या हातून साधा चमचा पडला तरी सुमेधा धावत त्याच्या खाटेपाशी जायची, बाकीच्या बायांना हात जोडून गप्प करायची. ती सुमेधा आता बसल्या जागी होती. तिनं दाराकडे बघितलंसुद्धा नाही. ती चुरमुरे वेचत होती, एकेक करून.

मग तिचा हात थांबला.

"उठेल हं तो," ती म्हणाली. खूप उशिरा.

आतून काही आवाज आला नाही. 'मी सांगतंय ना' हे आपलेच शब्द सगुणेला ऐकू आले, त्या वॉर्डातल्या फिनेलच्या वासासकट. काहीतरी बोलायला हवं होतं. पाय धरायला हवे होते. सुमेधा तिच्याकडे बघत होती, आणि त्या डोळ्यांत एवढंच मागणं होतं, की विचारू नका.

वाटीच्या आवाजानं खूश होऊन शेवंती मोठ्यानं हसली. सगुणेनं पुढं होऊन तिच्या ओठांवर अलगद बोट ठेवलं.

"हलू गो," ती कुजबुजली. "दादा निजलाय."

सुमेधानं डोळे मिटले. उघडले तेव्हा ते कोरडेच होते. तिनं पोरीच्या पाठीवरून, व्रणाला धक्का न लावता, एकदा हात फिरवला आणि तिला आईकडे दिलं.

दारापाशी ती हळू आवाजातच म्हणाली, "सगुणाबाई, तुम्ही तेव्हा सांगितलंत, म्हणून मी सही केली. नसती केली तर जन्मभर रुखरुख लागून राहिली असती."

सगुणेनं मान हलवली आणि पाय न वाजवता ती जिना उतरली.

विहिरीच्या कट्ट्याशी गोपीनाथ औषधाची बाटली घेऊन उभा होता.

"भेटल्या?"

"भेटल्या."

"पोऱ्या कसा हाय त्यांचा?"

सगुणेनं शेवंतीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"निजलाय," ती म्हणाली.

गोपीनाथाचा चेहरा उजळला. त्यानं बाटली काखेत धरली, वरच्या हिरव्या खिडक्यांकडे बघितलं आणि दोन्ही हात जोडले. सगुणेनं त्याला जोडू दिले.