बरोबर आणि बराबर

पंचायतीत बाईची जागा राखीव झाली म्हणून मी, द्वारकाबाई, सदस्य झाले. तेव्हापासून माझा एकच नियम: वाचल्याशिवाय सही नाही. ग्रामसेवकांनी चहा पुढं केला की मला आधी त्याच्यामागचा कागद दिसतो.

त्या वर्षी पंचायतीनं ठराव केला, प्रत्येक गल्लीला सारखं पाणी, कुणाशी दुजाभाव नाही. तो मीच मांडला होता आणि भिंतीवर रंगवूनही घेतला. रंग वाळतो न वाळतो तोच इब्राहीम शिंप्याचा अर्ज आला. आमच्या गल्लीला आठ दिवसांतून एकदा पाणी येतं, बायको फहमिदाचे दिवस भरत आलेत, तिला रानातल्या विहिरीवरून हंडे आणावे लागतात.

चौकशीला मी आणि ग्रामसेवक निघालो. तक्रार खोटी ठरली असती तर त्या गल्लीकडं वर्षभर कुणी फिरकलं नसतं. वाटेत ग्रामसेवक फारच गोड बोलत होते. मला तिथंच संशय आला.

इब्राहीम कापड आणायला बिडकीनला गेला होता. दारात त्याची आई जहांआरा उभी राहिली. ग्रामसेवकांनी वही उघडली.

"आजी, पाणी बरोबर येतं का?"

"आता है ना, बरोबर आता है. सहा म्हणजे सहा वाजता. जरा इकडं-तिकडं नाय."

"पण किती दिवसांनी?" मी विचारलं.

ती वहीकडं बघत राहिली. "बरोबर आता है," एवढंच पुन्हा म्हणाली.

'पाणी बरोबर, तक्रार नाही' असं लिहून ग्रामसेवकांनी पेन माझ्या हातात दिलं. मी ते परत केलं, त्यांना पुढं पाठवलं आणि उंबऱ्यावर बसले. आमच्या बोलण्यात बरोबर म्हणजे ठीक. या गल्लीत बराबर म्हणजे सारखं. एवढा फरक लहानपणापासून एकत्र राहिलेल्या माणसाला कळतोच.

"चाची, बराबर येतं का? आमच्या गल्लीइतकं?"

"बराबर किधर का, बाई!" तिचा आवाज एकदम खाली आला. "पोलीस अ‍ॅक्शनच्या साली, निजाम गेला तवा, असाच एक जण वही घेऊन दारात आला व्हता. अब्बांनी इचारलं ते समदं खरं सांगितलं. मंग अब्बा पुन्यांदा दिसले नाय. आता वहीवाला आला की मी बरोबरच म्हनते."

"मी आहे ना. सांग, पाणी कोण कापतं?"

तिनं माझ्याकडंही त्या वहीसारखंच पाहिलं. "तुमच्याच घरी इचारा."

मला भयंकर राग आला. मी हिच्यासाठी उन्हात बसले आणि ही माझ्यावरच आळ घेते! तणतणत घरी आले. दाराआडच्या खिळ्याला पाणी सोडायची लोखंडी चावी लटकत होती. माझा दीर सांडू गावाला पाणी सोडतो. ते काम त्याला मीच लावून दिलं होतं.

"सांडू, त्या गल्लीचा पाण्याचा वॉल्व कवा खोलतो?"

"वहिनी, टाकी भरतच नाय. आपल्याला रोज सोडायचं तर कुनाचं तरी कापावं लागतंय. तिकडले बोलत नाय."

"मग मला सांगितलं का नाय?"

"तुमी कवा इचारलं? रोज सकाळी भरल्या बादलीनं सडा टाकता, तवा बी नाय इचारलं."

मला लाज वाटली. गावभर संशय घेत फिरले, पण स्वतःच्या रांजणात कधी वाकून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी चावी पंचायतीत जमा केली आणि अहवाल माझ्या हातानं लिहिला: 'पाणी सारखे येत नाही. सोडणारा माझा दीर आहे. त्या गल्लीचे पाणी माझ्या घरी येते.'

"ताई, एवढं लिहायची गरज नाही," ग्रामसेवक म्हणाले.

"आहे," म्हणून मी सही केली.

कागद घेऊन जहांआराकडं गेले आणि वाचून दाखवला. तिनं पुन्हा वाचायला लावला.

"इसमें हमारा नाम किधर है?"

"कुठंच नाय. माझंच हाय."

वाटलं, आता तरी हसेल. तिनं कागदाकडं पाहिलं, कोरड्या नळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"पानी आने दो, बाई. फिर बोलती मैं, बरोबर की बराबर."