सुई हलली

"बाबा, सुरी काढून ठेवा. आत लोखंड नेलं की सुई बिथरते," मालेना म्हणाली.

"झोपतानाच काय ती कमरेची सोडतो मी," मॅट्स कुरकुरला. पण दाराजवळची खुंटी त्याने चाचपून घेतली आणि सुरी म्यानासकट तिला अडकवली. खाणीतल्या सुरुंगाने डोळे नेले, तेव्हापासून म्हातारा हातांनीच बघायचा. एकदा हात लागला की ती जागा त्याची झाली.

मालेना उप्सालाच्या या प्रयोगशाळेत फरशी पुसायची. डॉक्टर हेडमन बेडकाच्या डोळ्यावर उजेड पाडायचे, डोळ्यात म्हणे वीज उठायची आणि तारांना जोडलेली सुई हलायची. बाबांच्या डोळ्यांत काही जिवंत आहे का ते तरी कळेल, म्हणून तिनेच डॉक्टरांचे पाय धरले होते. अन् या डॉक्टरांनी आज पाहुणे बोलावून ठेवलेले! त्यांत गावच्या गरीबनिधीचे विकांडर. आंधळा म्हणून मॅट्सला राय नावाच्या धान्याचं पीठ मिळायचं, ते त्यांच्याच मर्जीवर.

खोलीत अंधार केला. मॅट्सच्या डोळ्याला एका तारेच्या टोकाचा ओल्या मातीचा गोळा टेकवला, हात दुसरी तार सोडलेल्या मिठाच्या पाण्यात बुडवला आणि दिव्यावरची झडप उघडली.

"हलली!" डॉक्टर ओरडले. टाळ्या पडल्या.

"काय झालं गं? दिवा लावला का?" मॅट्सने विचारलं.

"वा रे वा! डोळा तर ठणठणीत आहे," विकांडर म्हणाले.

"मला काहीच दिसलं नाही, साहेब."

"म्हणजे सुई खोटी आणि तू खरा? इतकी वर्षं फुकटचं पीठ खाल्लंस, लेका! या महिन्यापासून बंद."

मालेनाचं डोकं सणकलं. "डॉक्टर, सांगा की त्यांना! काल तुम्हीच म्हणालात ना, कापून बशीत ठेवलेल्या डोळ्यानेसुद्धा सुई हलते म्हणून? तो डोळा बघतो होय?"

डॉक्टरांनी एकदा विकांडरांकडे पाहिलं आणि ते भिंग पुसायला लागले. "सुई हलली. मी तेवढंच म्हणालो."

थुंकावंसं वाटलं तिला. रोज स्वतः पुसते त्याच फरशीवर.

निघताना मॅट्सने हात लांब केला आणि खुंटीवरची सुरी नेमकी उचलली.

"बघा, बघा! पहिल्या फटक्यात!" विकांडर हसले. सगळेच हसले. डॉक्टरसुद्धा.

बाहेर नदीवरचा वारा झोंबत होता. म्हातारा तिचा दंड धरून पुलापर्यंत आला.

"मालेना, न पडता चालायला शिकलो बघ मी. केवढा आपटलो तेव्हा. आता पिठासाठी परत पडायला शिकू का गं?"

"आग लागो त्यांच्या पिठाला! मी आणखी चार घरच्या फरश्या पुसेन. तुम्ही सरळ चाला, बाबा."

मागे विकांडर प्रयोगशाळेच्या खिडकीत येऊन उभे राहिले होते. तिने ते त्याला सांगितलं.

मॅट्सने तिच्या दंडावरचा हात काढला. सुरी कमरेला नीट बसवली आणि रोजच्या चालीने, कुठेही न अडखळता, तो पूल ओलांडून गेला.