आठवा प्लग

ट्रकचे सात स्पार्क प्लग कुरकुरत का होईना, निघाले. आठवा मात्र कटकन तुटला. वरचा निम्मा मेकॅनिक व्हर्नाच्या हातात आला आणि खालची नळी इंजिनातच अडकून बसली.

"हे बसवणारा कोण गाढव होता रे तो?" व्हर्ना कडाडली. "बोटभर ग्रीस लावायला काय झालं होतं मेल्याला? कोरडेच कोंबलेत!"

ट्रकचा मालक आर्लो, तिचा शाळेपासूनचा मित्र, तिच्या गॅरेजात उलट्या बादलीवर बसून कॉफी पीत होता. "ड्रिल मारून बघ की," तो म्हणाला.

"आणि चुरा सिलिंडरमध्ये पडला म्हणजे? तू गप्प बस."

तिनं भोकात कार्बन सोडवायचं औषध ओतलं आणि दुपारपर्यंत दम धरला. नॉर्थ डकोटाच्या थंडीत बोटं बधिर झाली होती. मग अडकलेली नळी ओढून काढायच्या पुलरचा स्क्रू नळीत घट्ट बसवून ती वरचा नट पाव पाव फेरा आवळत गेली. दोनदा स्क्रू निसटला. दोन्ही वेळा तिनं त्या गाढवाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तिसऱ्यांदा नळी करकरत वर आली, अख्खीच्या अख्खी.

"आता नाव सांग त्याचं," नाक पुसत ती म्हणाली. "त्याच्या घरी जाऊन जोड्यानं मारते त्याला."

आर्लोनं शेवटचा घोट घेतला. "बारा वर्षांपूर्वी इथेच बसवले होतेस. तूच."

व्हर्नानं ग्रीसचा डबा ओढला. "मग मघाशीच का नाही बोललास?"

"मघाशी तुझ्या हातात पाना होता."