माझा पहिला इंच

मी टेप बोलतेय. गाणी वाजवणारी नव्हे, ती केव्हाच अडगळीत गेली. मी मापाची टेप, टेलरबाईंच्या गळ्यातली. एका बाजूला साठ इंच, दुसऱ्या बाजूला दीडशे सेंटिमीटर. खरं तर आता एकोणसाठच इंच. पहिला इंच माझ्याकडे नाही. तो कुठे आहे हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि तेच सांगायला आज तोंड उघडलंय.

माझा जन्म कारखान्यात झाला. पिवळ्या पट्टीवर आकडे छापले, दोन्ही टोकांना पितळी पत्रे ठोकले आणि गुंडाळी करून डब्यात टाकलं. टेलरबाईंनी मला एका दुकानातून घेतलं, दोन डझन बटणं आणि काळ्या दोऱ्याच्या रिळाबरोबर. घरी आल्यावर त्यांनी पहिल्यांदा मला लाकडी गजावर ताणून बघितलं. मी तंतोतंत निघाले. तेव्हापासून मी त्यांच्या गळ्यात, आणि झोपायच्या वेळी खिळ्यावर.

माझ्या अंगाखाली हजारो माणसं गेली असतील. एक सांगते, मापाला उभं राहिलेला माणूस कधीच खरा नसतो. बायका पोट आत ओढतात. तरुण मुलं छाती फुगवतात, मग श्वास कोंडून लालबुंद होतात. टेलरबाई त्यांना टोकत नसत. गिऱ्हाईकाला उगाच काहीतरी विचारायच्या, "पाणी आलं का हो तुमच्याकडे?" तो उत्तर द्यायला गेला की श्वास सुटायचा, आणि तेवढ्यात त्या मला आवळायच्या. खरं माप तेव्हाच मिळतं. ही त्यांची युक्ती लक्षात ठेवा.

घर म्हणजे भाड्याच्या दीड खोल्या. टेलरबाई, शाळेची बस चालवणारा त्यांचा नवरा आणि सासूबाई. सासूबाईंना कमी ऐकू येई, त्यामुळे घरात बोलणं सगळं वरच्या पट्टीत. मशीन खिडकीशी, सासूबाईंची खाट मशीनला चिकटून. पायडल चालू झालं की खाट हलायची. सासूबाई म्हणायच्या, "मला आपली आगगाडीत झोपल्यासारखी झोप लागते." पण हसता हसता कंबर धरायच्या, ते मी बघत होते.

म्हणून नवीन घर. चौथा मजला, नवी इमारत, अजून गिलावा ओला. आतली खोली दहा फुटांची. दाखवायला जो विक्रीचा माणूस होता, त्याला आमच्या घरात सगळे 'हसरे साहेब' म्हणत, कारण त्याचे ओठ कधी मिटतच नसत. घर पक्कं करायचं तर आधी इसार द्यायचा, तीन महिन्यांत करार करायचा. माघार घेतली तर इसार बुडाला. टेलरबाईंनी अकरा वर्षांची शिलाई काढून त्याच्या टेबलावर ठेवली.

घरी येऊन नवऱ्याने आईला ओरडून सांगितलं, "आई, इसार दिला."

"इशारा? कुणी दिला इशारा?"

"इशारा नाही गं, इसार, इसार!"

"तेच विचारतेय, कसला इशारा?"

तिघं पोट धरून हसली. पुढे कितीतरी दिवस तो घरातला विनोदच झाला. चहा उतू गेला तरी म्हणायचे, इशारा दिला बघ.

पहिल्यांदा आम्ही खोली मोजायला गेलो ती दुपार होती. लख्ख ऊन, खिडकीला अजून काच नव्हती. टेलरबाईंनी मला भिंतीच्या पायथ्याशी पसरलं. माझ्या दोन लांबी, एकशेवीस इंच, बरोबर दहा फूट. मशीनचे बेचाळीस, खाटेचे बहात्तर. उरले सहा. टेलरबाई म्हणाल्या, "या सहात आईंची काठी उभी राहील." त्यांनी कापडावर आखायच्या खडूने फरशीवर खाटेची रेघ मारली आणि तिच्यापुढे काठीसाठी एक लहान गोल काढला. त्या वेळचा त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. अकरा वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काढलेलं ते पहिलंच माप होतं.

माझ्या मनात मात्र तेव्हाच पाल चुकचुकली होती. भिंतीला टेकलेल्या माझ्या टोकाला काहीतरी ओळखीचं लागत होतं. ताठपणा. ओल्या सिमेंटचा नव्हे, तो मला माहीत आहे. मापाला उभ्या राहिलेल्या तरुण पोराचा. ती खोली छाती फुगवून उभी होती.

महिन्याने पडद्यांचं माप घ्यायला गेलो. आल्यासरशी टेलरबाईंनी सहज म्हणून पुन्हा मला फरशीवर पसरलं. दुसरी लांबी टाकली तर माझे शेवटचे दोन इंच फरशीवर मावेनात. ते भिंतीवर चढून उभे राहिले. टेलरबाईंनी मला उचललं, झटकलं, पुन्हा लावलं. पुन्हा तेच. मग त्यांची नजर खडूच्या गोलावर गेली. गोल अर्धाच होता. उरलेला अर्धा भिंतीच्या खाली.

"अहो, हे बघा."

"पुसला असेल कुणाच्या पायाने," नवरा म्हणाला.

"पुसलेला असा सरळ रेषेत पुसतो का?"

हसरे साहेब आले. माझ्याकडे बघून म्हणाले, "कापडी टेप आहे ताई, जुनी झाली की ताणते. ताणलेली टेप माप कमीच दाखवते, तुम्हाला काय सांगायचं." आपली स्टीलची टेप त्यांनी खर्रकन ओढली, टोक मुठीत धरून भिंतीला टेकवलं. दहा फूट! त्यांनी भिंतीवर थाप मारली. मी फरशीवरच होते, मला कळलं. खोली तसूभरही वाढली नव्हती, माझे दोन इंच अजून भिंतीवरच होते.

अपमान माझा झाला होता, पण मला बोलता कुठे येतं? घरी आल्यावर टेलरबाईंनी मला लाकडी गजावर लावलं. मी तंतोतंत. सुताएवढाही फरक नाही. त्यांनी तीनदा लावून बघितलं आणि मगच मला खिळ्यावर ठेवलं.

कराराला चार दिवस राहिले तेव्हा तिसऱ्यांदा गेलो. या वेळी सासूबाईही आल्या. चार मजले काठी टेकत चढल्या. बाहेर कामगार जेवायला बसले होते, इमारत अगदी गप्प होती. सासूबाई आतल्या खोलीत गेल्या आणि भिंतीला तळहात लावून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "इथे कुणीतरी श्वास धरून बसलंय."

कमी ऐकणाऱ्या माणसाच्या बोलण्याला कोण काय म्हणणार? नवरा हसला, पण ते हसू अर्ध्यावरच थांबलं.

टेलरबाईंनी मला लावलं. आणि मग त्यांनी त्यांची ती युक्ती केली. गुडघ्यावर बसल्या बसल्या, भिंतीकडे न बघता, सहज आवाजात विचारलं, "पाणी आलं का हो तुमच्याकडे?"

कुणाला विचारलं ते कुणालाच कळलं नाही. खोलीला कळलं. माझ्या अंगाखालची फरशी सैल झाली. कुणीतरी कोंडलेला श्वास सोडावा तशी थंड हवा भिंतीच्या पायथ्याने आली आणि माझे शेवटचे पाच इंच भिंतीवर चढले. एकशेपंधरा. खडूचा गोल कुठेच नव्हता.

सासूबाईंनी काठी मशीनच्या आणि खाटेच्या जागेपुढे धरून बघितली. म्हणाल्या, "माझी काठी कुठे ठेवू मग?"

टेलरबाईंनी खात्रीसाठी माझं सुरुवातीचं टोक पुन्हा भिंतीशी लावलं आणि मग मला उचलायला ओढलं. मी निघेना. माझं पितळी टोक फरशीच्या आणि भिंतीच्या सांध्यात गेलं होतं, जिथे कागदही शिरला नसता. आत कुणीतरी ते धरून होतं. ओढत नव्हतं, नुसतं धरून होतं. नवऱ्याने दोन्ही हातांनी हिसका मारला आणि माझा पहिला इंच आत राहिला. दुखलं नाही. पण तुम्हाला खोटं वाटेल, मला तो इंच अजून कळतो. त्याला काय लागतंय ते मला इथवर जाणवतं.

नवऱ्याने सांध्यात नख घातलं, मग खिशातली किल्ली घातली. सांधा गच्च होता. 

घरी आल्यावर बोलणं झालं. नवरा म्हणाला, "पाच इंचांपायी अकरा वर्षं पाण्यात घालायची? लोक काय म्हणतील? शेण खाल्लं म्हणतील."

"आज पाच आहेत."

"भिंत काय चालत येणार आहे का?"

 टेलरबाई माझं तुटलेलं टोक दुमडून शिवत होत्या. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण टाका सरळ पडत होता. कुणालाही रडू येईल हो. एकेका सदऱ्याचे, एकेका पडद्याचे पैसे होते ते. मान मोडून, डोळे फोडून मिळवलेले. आणि ते दीड खोल्यांतून बाहेर पडायचे पैसे होते.

सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, कसला इशारा. तुम्ही हसलात."

या वेळी कुणी हसलं नाही. नवऱ्याने बराच वेळ आपल्या बोटांकडे बघितलं, ज्या बोटांनी मला हिसका मारला होता. मग म्हणाला, "जाऊ दे. उद्या सांगून येऊ."

हसरे साहेबांनी नियम वाचून दाखवला. माघार घेतली, इसार परत मिळत नाही, इथे सही करा. टेलरबाईंनी मला टेबलावर ठेवून विचारलं, "माझी टेप ताणलेली नाही, मी गजावर तपासलीये. मग खोली कमी का भरते?"

"ही तर तुटकीच आहे, ताई."

"तुटक्या टेपवर माप जास्त दिसतं साहेब, कमी नाही. शिवणाऱ्या बाईला शिकवू नका."

तेव्हा माझी नजर शेजारी पडलेल्या त्यांच्या स्टीलच्या टेपवर गेली. टेलरबाईंचीही गेली. तिचं टोक आज मुठीत नव्हतं. आकडे तीनपासून सुरू होत होते. पहिले दोन इंच नव्हतेच, आणि कडा कापलेली नव्हती, चावलेली होती.

टेलरबाईंनी वर बघितलं. हसरे साहेबांचे ओठ मिटले होते. मिटलेल्या ओठांचा तो माणूस अगदीच वेगळा दिसत होता, थकलेला.

"सही करा आणि जा, ताई," ते हळू म्हणाले. "इसार जाऊ द्या. पुन्हा मोजायला येऊ नका."

"मग तुम्ही?"

"माझं घर तिथेच आहे. तळमजल्यावर. माझा करार झालाय."

टेलरबाईंनी सही केली. पेन ठेवून मला गळ्यात घातलं.

याला तीन वर्षं झाली. मशीन खिडकीशीच आहे, सासूबाई आगगाडीत झोपतात. नवरा त्या इसाराबद्दल कधी बोलला नाही, फक्त बसचा रस्ता बदलून घेतला. टेलरबाईंनी नवी टेप आणली नाही. माझ्यावरच्या मापातून एक वजा करायची त्यांना सवय झाली.

काल एक तरुण बाई पडदे शिवायला आली. पोट पुढे आलेलं, सातवा महिना असावा. खुशीत होती. "नवीन घर घेतोय," म्हणाली. "चौथा मजला. आतली खोली बाळाला, दहा फुटांची आहे."

कात्री थांबली.

"इसार दिला?"

"हो, सगळी पुंजी दिली. परवा करार."

टेलरबाईंनी तिला सगळं सांगितलं नाही. सांगून कोण ऐकतं? त्यांनी मला गळ्यातून काढून तिच्या हातावर ठेवलं. "पडद्याचं माप तूच घेऊन ये. फरशीही मोज. दर लांबीच्या आकड्यातून एक वजा कर. कुणी सोबत नसताना मोज, आणि मोजताना काहीतरी सहज विचार. काहीही विचार, पण भिंतीकडे बघू नकोस."

ती हसली. म्हणाली, "तुम्ही पण ना, काकू."

आता मी तिच्या पिशवीतून बाहेर आलेय. दुपार आहे. खोली स्वच्छ आहे, रंग नवा आहे, खिडकीला काच आली आहे. ती अवघडत खाली बसली आणि तिने मला फरशीवर पसरलं. माझा पहिला इंच इथेच आहे, हातभरावर. भिंतीपलीकडून तो मला ओळखतोय. खोलीने छाती फुगवली आहे.

बाई, मला बोलता येत नाही, म्हणून मनात ओरडतेय. आयुष्यभर मी एकच काम केलं, आहे ते आहे म्हणून सांगायचं. आज मी जो आकडा दाखवेन तो मान. टेप जुनी आहे म्हणू नकोस. पुंजी जाईल, रडशील, लोक नावं ठेवतील, ठेवू देत. शिलाई पुन्हा करता येते.

ती दुसरी लांबी टाकतेय. ओणवी होऊन आकडा बघतेय. दोन लांब्यांनंतर भिंतीपर्यंत दोन इंच उरलेत, वजाबाकी करूनही एकशेवीसच भरतात आणि ती मला गुंडाळायला निघाली आहे.

मग तिला काकूंचं बोलणं आठवलं असावं. पोटावर हात ठेवून, खाली बाळाकडे बघत, ती हसून विचारते, "काय रे, आवडली का खोली?"

माझ्या अंगाखालची फरशी सैल होते आहे. बाई, आता आकडा बघ.