पोटात तार असलेला गवताचा पूल

मी एक जुना पूल आहे. माझा आजोबा मीच आणि पणजोबाही मीच. हसू नका, मित्रांनो. आधी नीट ऐकून घ्या. एकच गोष्ट दोनदा सांगण्याची मला सवय नाही.

अँडीज पर्वतातल्या एका खोल दरीवर मी टांगलेला आहे. माझा देह पहाडी गवताचा. घरोघरच्या स्त्रिया ते गवत कुटून, भिजवून त्याच्या बारीक दोऱ्या वळत. पुरुष त्या दोऱ्यांचे जाड दोर करीत आणि दर वर्षी कोरड्या थंडीत मला नव्याने विणीत. नवा पहिला दोर जुन्या पुलावरूनच पलीकडे नेला जाई. नवे दोर ताणून बसले की जुन्याचे बंध तोडत, आणि मी स्वतःलाच नदीत पडताना पाहत असे. तरीही दुसऱ्या दिवशी लोक म्हणत, "आपला जुना पूल आहे, ये बिनधास्त." त्या मरणाचे मला कधीच दुःख झाले नाही.

विणाईच्या दिवसांत स्त्रियांनी दरीकाठी उतरायचे नाही, असा रिवाज होता. फाउस्तिना आजी वरच्या टेकाडावर बसून प्रत्येक घरची दोरी तळहातावरून सरकवून पाही. ढिली दोरी ती मुकाट्याने परत करीत नसे.

"कासिमिरा, ही दोरी आहे की तुझ्या नवऱ्याची मिशी?"

"मिशी असती तर तुटली नसती, आजी. तेवढं एकच पक्कं आहे त्याच्यात."

टेकाड हसे, आणि कासिमिरा दोरी पुन्हा वळायला बसे.

मग एका विणाईत आजीचा धाकटा मुलगा बोनिफासिओ माझ्या कडेवरून खाली गेला. दोर तुटला नव्हता. वाऱ्याचा झोत आला आणि त्याचा पाय सुटला.

पुढच्या वर्षी गाव जमले, तेव्हा विणकऱ्यांचा मुखिया लेआंद्रो, म्हणजे आजीचा थोरला, पोलादी तारेची वेटोळी घेऊन आला. आत तार, वर गवत. मग दर वर्षी कुणाला दरीवर लोंबकळावे लागणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. रिवाजाप्रमाणे कोकाची पाने हातोहात फिरली, पण चघळायला कुणाचे मन नव्हते.

"आई, गवत दर वर्षी नवं, विणणारे हात नवे. मग जुना पूल म्हणून आपण मिरवतो तरी काय? एकदाच पक्का करू. जो बदलत नाही तोच खरा टिकतो."

"तू पाळण्यात होतास तो आता कुठे आहेस? तरी हाक तुलाच मारते ना मी?"

"मी माणूस आहे. हा पूल आहे."

"भाऊ गेला त्या वर्षीची वीण तुझ्याच हातची. वाईट होती का रे ती?"

"उत्तम होती," लेआंद्रो म्हणाला. "दरी उत्तम-वाईट बघत नाही."

आजीने तारेच्या वेटोळ्यावरून तळहात फिरवला. तिचाही मुलगाच गेला होता. शेवटी एवढेच म्हणाली, "पूल राहील रे. पण चांगलं काय नि वाईट काय, हे पाहायला वर्षाकाठी कोण येणार?"

कासिमिरा पुटपुटली, "माझ्या बोटांना तरी सुटी मिळेल." गाव हसले, आणि ठरले.

तेव्हापासून माझ्या पोटात तार आहे. मी पडत नाही. लोक म्हणतात, पूल पक्का आहे, म्हणून कुणी तपासत नाही. वाऱ्याच्या प्रत्येक हेलकाव्याला तार आतून गवत कापते. टेकाडावर आता फक्त अल्पाका चरतात.

मागच्या थंडीत फाउस्तिना आजी काठापर्यंत उतरली. विणाईच उरली नव्हती, मग बंदी कसली? शालीत तिने वळलेली दोरी होती. लेआंद्रो मागोमाग धावत आला.

"इथं कशाला आलीस, आई? पाय घसरेल."

"हे टोक धर."

"कशाला?"

"दोघांनी ओढल्याशिवाय दोरी कळते का? धर."

त्याने हलकेच ओढली.

"आईची म्हणून लाड नकोत. ओढ."

त्याने ओढली. दोरी तुटली. दोघे आपापला तुकडा धरून उभे राहिले.

"बोटं गेली माझी," आजी म्हणाली. "नातीला शिकवायचं होतं. पण कशासाठी वळ म्हणून सांगू तिला?"

लेआंद्रोने माझ्या कठड्यावर हात ठेवला. काळे पडलेले गवत भुशासारखे त्याच्या मुठीत आले.

"आई, तार काढली तर?"

"नवा दोर पलीकडे नेशील कशावरून? तार काढलीस तर आता खाली नदीच आहे."

मित्रांनो, मी अजून टांगलेला आहे, पण कुणाच्याही हातांवर नाही. तुमच्या घरात जे चांगले आहे असे तुम्ही मानता, ते दर वर्षी हातात घ्या, ओढून पाहा, पुन्हा वळा. दुसरे टोक धरायला कुणी आहे, तोवरच हे करा.